तोफेच्या गोळ्याचे अश्रू

कल्पना करा, तुम्ही एका लांबलचक रांगेत उभे आहात. सकाळची वेळ आहे, पण हवा इतकी दमट की सदरा पाठीला चिकटलाय. पुढच्या माणसाचा घामट खांदा तुमच्या नाकाशी आणि मागच्या बाईच्या पिशवीचं टोक तुमच्या बरगडीत. रांग मुंगीच्या पावलानं सरकतेय. आधी दगडी पायऱ्या, मग व्हरांडा, मग एक जाड लाकडी दार. दारातून आत पाऊल टाकलं की अंगावर गारवा येतो आणि सगळी कुजबुज आपोआप थांबते. आत उजेड बेताचाच. समोर चौथऱ्यावर काळ्या दगडाचं एका बाईचं मस्तक, मानेपासून तुटलेलं. तुम्ही तिच्या डोळ्यांकडे बघता. खालच्या पापणीच्या कडेला एक थेंब जमतो, फुगतो, थरथरतो आणि गालावरून ओघळतो.

"रडली! आई रडली!"

तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा हं. हात जोडले असते ना? त्यात लाजण्यासारखं काही नाही. दगडाच्या डोळ्यांतून पाणी येताना बघितलं की कुणाचेही हात जुळतात. मास्तरांचेही जुळले होते, पहिल्या दिवशी, क्षणभर.

मास्तर म्हणजे या संग्रहालयाचे मार्गदर्शक. उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून इथे आले. मुलांच्या सहली यायच्या, मास्तर त्यांना वस्तू दाखवायचे. पण आधी माहिती सांगायची नाही, अशी त्यांची पद्धत. "आधी बघा," म्हणायचे. "कुठे झिजलंय? कुठे तुटलंय? कुणाचा हात लागत असेल इथे?" मुलं बघायची, काहीबाही सांगायची, भांडायची आणि मग मास्तर दोन वाक्यं बोलायचे. दारापाशी त्यांचं एक टेबल होतं. त्यावर लोहचुंबक, भिंग, लंबक, मेणबत्ती, पेले, शाई. ज्याला जे करून बघायचं ते त्यानं बघावं.

ते टेबल आता जिन्याखाली गेलं होतं. रांगेच्या आड येतं म्हणून. त्यावर बुवाच्या रिकाम्या बाटल्यांची खोकी रचलेली असत आणि खोक्यांच्या मागे, स्टुलावर, मास्तर बसलेले असत.

बुवा पूर्वी बस थांब्यावर दातांचं मंजन विकायचा. आवाज तेव्हापासूनच खणखणीत. आता अंगावर पांढरा झगा आला होता आणि स्वतःला तो 'अश्रूंचा सेवक' म्हणवून घेत होता. लोक त्याला सेवकबुवा म्हणत. हातात कापसाचा बोळा घेऊन तो मस्तकाशेजारी उभा राही. थेंब आला की बोळ्यानं टिपी आणि बोळा छोट्या बाटलीत पिळी. त्या बाटल्या लोक पैसे देऊन औषध म्हणून प्यायला नेत.

"मायबापहो!" त्याचा सूर जिन्याखाली मास्तरांपर्यंत पोचायचा. "आई कुणासाठी रडते? आईला आसवं का येतात? तुमचं दुःख बघून येतात! तुम्ही दहा आलात तर आई मुळूमुळू रडते. तुम्ही शंभर आलात तर घळाघळा रडते! परवा संग्रहालय बंद होतं. दुःखी माणूस नाही, तर अश्रू नाही. एक टिपूस आला असेल तर माझी जीभ झडो! आणि दुपार झाली की आई शांत होते. का? थकते! आई आहे, दगड आहे का ती?"

मास्तरांना या बोलण्याची गंमत वाटायची आणि त्याहून जास्त थकवा यायचा. कारण बुवा सांगत होता त्यातला शब्द न् शब्द खरा होता. गर्दी वाढली की पाणी वाढायचं. बंद दिवशी दगड कोरडा. दुपारनंतर कोरडा. सगळं बघितलेलं बरोबर आणि काढलेला अर्थ तेवढा चुकीचा. असल्या चुकीशी भांडणं फार जड जातं.

दगडाच्या पाठीमागे नळी नव्हती, की पोटात भांडं नव्हतं. मस्तक आधी पुढच्या दालनात असायचं. तिथलं छप्पर गळायला लागलं, तेव्हा ते उचलून जुन्या वस्त्रांच्या दालनात आणून ठेवलं. जुनं कापड उष्ण, दमट हवेत कुजतं, म्हणून संग्रहालयात एसी असलेलं दालन ते एकच. पण दिवसा एसी लावला की सगळ्या इमारतीचे दिवे जायचे. मग साहेबांनी, म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुखांनी, तोडगा काढला होता. रात्रभर एसी, सकाळी दार उघडलं की एसी बंद आणि दिवे सुरू. मस्तक नेमकं एसीच्या तोंडाशी ठेवलेलं. रात्रभर ते गारठायचं. सकाळी मास्तरच दार उघडायचे आणि त्या दालनात दोन मिनिटं थांबून व्हरांड्यात आले की त्यांच्या चष्म्यावर धुकं जमायचं. ते रोज चष्मा पुसायचे. पुसता पुसताच पहिल्या दिवशी त्यांना अश्रूंचं कोडं सुटलं होतं.

त्याच दिवशी त्यांनी रांगेपुढे उभं राहून सगळं समजावून सांगितलं होतं. हवेत पाण्याची वाफ असते, गार वस्तूला ती लागली की तिचे थेंब होतात, वगैरे. कुणी ऐकलं नाही. एक बाई म्हणाली, "मास्तर, आमच्या घरी फरशीही गार असते. ती का नाही हो रडत?" लोक हसले. मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात रांग पुढे सरकली.

मग ते साहेबांकडे गेले होते.

"मास्तर," साहेब म्हणाले, "या इमारतीत इतकी माणसं मी कधी बघितली नव्हती. मंत्र्यांनी स्वतः फोन केला. छप्पर दुरुस्त होणार आहे. तुम्हाला छप्पर नको?"

"छप्पर हवं. पण बुवाचा मेव्हणा आमच्या जिन्याखालच्या नळावर बाटल्या भरतो, साहेब. मी रोज ऐकतो."

"सगळ्या?"

"जवळजवळ सगळ्या. त्या मस्तकातून निघून निघून किती पाणी निघणार?"

साहेबांनी खिडकीबाहेर रांगेकडे बघितलं. "एखादा थेंब खरा असेलच ना प्रत्येकीत," ते म्हणाले.

मास्तर परत येऊन स्टुलावर बसले. त्यानंतर ते कुणाशीच वाद घालेनासे झाले.

आणि मग एका सकाळी खोक्यांच्या पलीकडून एक डोकं वर आलं.

"मास्तर, टेबल इथे का लपवलंय?"

शाळेच्या पटावर या मुलीचं नाव वेगळं होतं, पण संग्रहालयात तिला सगळे 'कशावरून' म्हणायचे. हा गोळा तोफेचाच आहे, म्हटलं की कशावरून? ही राणी, कशावरून? हे हजार वर्षांपूर्वीचं, कशावरून? तिची आई समोरच्या गल्लीतल्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. शाळा सुटल्यापासून आईची कामाची पाळी संपेपर्यंत मुलगी या टेबलाशी असायची. गेले बरेच दिवस मात्र ती फिरकली नव्हती.

"तू सकाळची इथे? शाळा?"

"आईबरोबर आलेय. ती रांगेत आहे." मुलीनं दप्तर उघडलं आणि आतून गोळ्यांची एक पट्टी काढली. अर्धी पट्टी रिकामी होती, अर्धी भरलेली. "आईनं या बंद केल्यात. बुवा म्हणाले, त्या दगडातल्या आईचे अश्रू आणि गोळ्या एका पोटात चालत नाहीत. गोळी घेतली म्हणजे अविश्वास झाला. ती फेकून देणार होती. मी उचलून ठेवल्या."

मास्तरांनी पट्टी हातात घेतली आणि नाव वाचलं. क्षयाच्या गोळ्या. महिनोन्‌महिने घ्यायच्या, एक दिवस न चुकवता. मध्येच सोडल्या तर दबलेला रोग डोकं वर काढतो आणि पुढच्या वेळी साध्या गोळ्यांना दाद देत नाही. शिवाय एकट्या आईचा प्रश्न नव्हता. खोकला परत सुरू झाला, तर त्या खोकल्याच्या सगळ्यात जवळ ही पोर झोपत होती.

ते उठले आणि रांगेत जाऊन आईला भेटले. आई चाळिशीच्या आतलीच, पण गाल बसलेले, हनुवटीपर्यंत ओढणी घेतलेली.

"ताई, गोळ्या का सोडल्या?"

आईनं मुलीकडे रागानं बघितलं. "चुगली केलीस होय?" मग मास्तरांकडे वळली. "कंटाळले हो मास्तर. रोज सकाळी त्या गोळ्या गिळायच्या, मळमळत कामावर जायचं. मशीनवर बसलं की समोरची शिवण गरगरते. किती दिवस, तर डॉक्टर म्हणतात अजून, अजून. इथे येऊन बाटली घेतली आणि दुसऱ्या दिवशीपासून मळमळ गेली. खोटं नाही सांगत."

"मळमळ गोळ्या सोडल्यानं गेली, ताई."

"तुम्हाला शिकलेल्यांना सगळ्याचं उत्तर असतं," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. "मला उत्तर नकोय. मला बरं वाटायला हवंय."

रांग पुढे सरकली. मास्तर जिन्याखाली परत आले.

"सांगा ना तिला!" मुलगी मागोमाग आली.

"सांगितलं गं. सांगून काही होत नाही, बाळ. माझं सगळं आयुष्य सांगण्यात गेलं."

"मग मला सांगा. ती कशी रडते?"

मास्तरांना खरं तर नको वाटत होतं. पण हात सवयीनं हलले. त्यांनी एक खोकं बाजूला सारून टेबलाचा कोपरा मोकळा केला. एक स्टीलचा पेला घेतला, पुसून कोरडा केला आणि त्यात फ्रीजमधलं गार पाणी ओतलं. थोड्याच वेळात पेल्याच्या अंगावर बारीक थेंब आले.

"पाणी कुठून आलं?"

"पेल्यातून झिरपलं."

"कशावरून?" मास्तर म्हणाले. तिचाच शब्द तिला परत दिला.

मुलीनं पेल्याला बोट लावलं. टेबलावर शाईची दौत होती. तिनं दौतीकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं आणि न विचारताच पेल्यात शाई ओतली. पाणी निळंशार झालं. मग बाहेरचे थेंब बोटावर घेऊन कागदावर टेकवले. कागद ओला झाला, निळा झाला नाही.

"आतलं नाही," ती हळूच म्हणाली. "बाहेरचं आहे. हवेतलं."

"हवेतलं. आणि या गर्दीत हवेत वाफ कुणाची? माणसांच्या श्वासाची, घामाची. म्हणून माणसं जास्त तर पाणी जास्त. बुवा खोटं बोलत नाही बघ. रडतं कोण, तेवढंच चुकवतो."

मुलगी पेल्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग ती एकटीच कशी रडते?"

"म्हणजे?"

"रात्रभर सगळंच गार होत असेल ना? तिच्या चौथऱ्यामागे तोफेचा गोळा आहे. लोखंडी. तोही गार होत असेल. तो का नाही रडत?"

मास्तरांचा हात चष्म्याकडे गेला. इतक्या दिवसांत त्यांनी चष्मा पुसला होता, वाद घातला होता, हार मानली होती. पण चौथऱ्यामागे वाकून बघितलं नव्हतं. आयुष्यभर मुलांना 'आधी बघा' सांगणारा माणूस बघायलाच थकला होता.

मुलगी एव्हाना रांगेतल्या पायांतून वाट काढत आत गेली होती. परत आली तेव्हा तिचा उजवा तळवा ओला होता.

"रडतोय!" ती कुजबुजली. "मास्तर, तो तर तिच्यापेक्षा जास्त रडतोय! त्याच्या खाली डबकं साचलंय. पण त्याला तोंडच नाही, म्हणून कुणी बघत नाही."

कितीतरी दिवसांनी मास्तर हसले.

त्या दिवशी संध्याकाळी दालन बंद करायच्या वेळी मुलगी दोन डबे घेऊन आली. एक तिचा शाळेचा, एक आईचा कारखान्यात न्यायचा. दोन्ही स्टीलचे, एकाच आकाराचे. दोन्हींत पाणी भरून तिनं निळी शाई टाकली आणि झाकणं घट्ट लावली. मग मार्करनं एका डब्यावर खदखदून हसणारं तोंड काढलं, दुसऱ्यावर रडकं.

"हसरा आत ठेवा. गोळ्याशेजारी. रडका बाहेर तुमच्या टेबलावर."

"दोन कशाला?"

"एकच ठेवला तर बुवा म्हणतील, डब्यातच काहीतरी आहे."

मास्तरांनी हसरा डबा हातात घेतला. मनात आलं, उद्या पुन्हा ओरडाआरडा, पुन्हा साहेबांची खोली, पुन्हा तेच. गुडघे दुखत होते. पण त्यांनी वाकून डबा चौथऱ्यामागे ठेवला, एसी सुरू केला आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी हवा आणखीच कोंदट होती. दार उघडलं आणि रांग आत घुसली. बुवा बोळा घेऊन सज्ज. पहिला थेंब आला, 'रडली' झालं, बुवाचं मायबापहो सुरू झालं. मुलगी आईबरोबर रांगेतून आत आली. काखेत रडका डबा. चौथऱ्यापाशी पोचल्यावर तिनं भोवती लावलेल्या दोरीखालून हात घातला आणि गोळा दोन्ही हातांनी उजेडात ढकलला.

"बुवा, हा कुणासाठी रडतोय?"

गोळा गडगडत बुवाच्या पायाशी थांबला. सगळा ओलाचिंब. त्याच्यामागे फरशीवर पाण्याची रेघ उमटली होती.

बुवा मुरलेला होता. त्याला अर्धा क्षणही लागला नाही. "बघा! बघा मायबापहो! आईचं दुःख बघून लोखंड पाझरलं! ज्या गोळ्यानं माणसं मारली, त्याला पश्चात्ताप झाला!"

लोकांनी मोठ्ठा सुस्कारा सोडला. मागच्या एका आजोबांनी गोळ्याला नमस्कार केला. दारातून बघणारे मास्तर परत जिन्याखाली जायला वळले. हेच होतं. नेहमी हेच होतं. पुरावा आणावा आणि तोच त्यांच्या झोळीत जावा.

पण मुलीचं अजून संपलं नव्हतं. तिनं चौथऱ्यामागून हसरा डबा काढून सगळ्यांना दिसेल असा वर धरला. खदखदून हसणाऱ्या त्या तोंडावरून पाण्याचे ओघळ वाहत होते.

"आणि हा? हा माझा शाळेचा डबा आहे. काल यात भाजी होती."

कुठेतरी मागे एक गवंडी फिस्सकन हसला.

बुवाचं तोंड उघडं राहिलं. "या... या डब्यालासुद्धा..."

"पश्चात्ताप झाला!" गवंड्यानं वाक्य पुरं केलं. "भाजी करपली असेल!"

मग हसू आवरेना. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बुवा ओरडला, "पोरी, थट्टा करतेस? पाणी शिंपडून आणलंस!"

"हाही डबा घ्या." तिनं रडका डबा चौथऱ्यावर ठेवला. "हा रात्रभर बाहेर होता, टेबलावर. आत्ता आत आणलाय. हात लावून बघा. गार नाही, म्हणून कोरडा आहे. तोंड रडकं आहे, पण रडत नाही." मग तिनं ओला डबा उघडून आतलं निळं पाणी दाखवलं आणि रुमालानं बाहेरचे थेंब पुसले. रुमाल पांढराच राहिला. "आतून झिरपलं असतं तर निळं आलं असतं."

हसणं थांबलं. जिची फरशी गार होती ती बाई पुढे आली. तिनं एका डब्याला हात लावला, मग दुसऱ्याला, मग थोडं थांबून मस्तकाच्या कानाला.

"कानही ओला आहे," ती म्हणाली. "नाकसुद्धा. अगं बाई, नाकाला तर थेंब लोंबतोय!"

मास्तर पुढे झाले. या वेळी त्यांनी वाफेपासून सुरुवात केली नाही.

"ताई, पहिल्या दिवशी तुम्ही फरशीचं विचारलंत, ते बरोबर विचारलंत. उत्तर राहिलं होतं. तुमची फरशी इतकी गार नसते. ही बाई रात्रभर एसीपुढे असते, सकाळी दार उघडतं, आणि तुम्ही सगळे आत येता, घामानं निथळत, धापा टाकत. तुमचा श्वास तिच्या अंगावर जाऊन थिजतो. ही आसवं तुमचीच आहेत. तुम्हीच आणता आणि बाटलीत भरून तुम्हीच घरी नेता. तेही नेत नाही म्हणा. बाटल्या जिन्याखालच्या नळावर भरतात. मेव्हणे आत्ताही तिथेच आहेत, जाऊन बघा."

दोघं-तिघं खरंच गेले. नळ चालू असल्याचा आवाज आला आणि मग एकदम बंद झाल्याचा.

"आणि एक गोष्ट बघा. इकडे या, बाजूनं. ओठांचे कोपरे वर आहेत ना? गाल फुगलेत? ही बाई रडत नाही. घडवणाऱ्यानं तिला हसरी घडवलीय. हसताना गाल वर येतात, डोळ्यांखाली खळगा पडतो, त्यातच पाणी साचतं आणि तिथून ओघळतं. ती हसतेय म्हणून तुम्हाला रडताना दिसतेय. तुम्ही बघितलंत ते खोटं नव्हतं. पण डोळ्यांनी बघितलं की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं विचारून करायचं असतं. गार नसती तर रडली असती का? दुसरं काही रडतंय का? एवढं एकदा विचारा. कुणाला काही द्यायच्या आधी, आणि कुठलंही औषध सोडायच्या आधी."

एवढं बोलून त्यांना धाप लागली. ते भिंतीला टेकले.

जल्लोष वगैरे काही झाला नाही, मुलांनो. तसं होत नाही. काही लोक गुपचूप बाहेर पडले. काहींनी बाटल्या खिडकीत ठेवून दिल्या. काहींनी ठेवल्या नाहीत. त्या गोळ्याला नमस्कार करणाऱ्या आजोबांनी दारात थांबून मास्तरांना म्हटलं, "माझं ऐकून घेणारी ती एकच होती. तीही नेलीत तुम्ही." बुवानं झगा उतरवला, घडी घातली आणि मेव्हण्याला हाक मारून मागच्या दारानं निघून गेला. जाताना मास्तरांना म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं सगळीकडे नसतात हो." आणि ते खरंच होतं. साहेब व्हरांड्यात उभे राहून ओसरणारी रांग बघत होते. "मास्तर," ते म्हणाले, "आता छप्पर तुम्हीच धरा डोक्यावर."

मास्तरांनी खोकी उतरवली आणि टेबल ओढत पुन्हा दारापाशी नेलं. तिथे मुलीची आई पायरीवर बसली होती. हातात न प्यायलेली बाटली, मांडीवर ओला डबा. मुलगी तिच्यासमोर उभी, गोळ्यांची पट्टी पुढे धरून.

आई पट्टीकडे बघत होती, पण हात पुढे करत नव्हती.

"दगडाचं खोटं निघालं," ती म्हणाली. "मग या गोळीचं खरं, कशावरून?"

मास्तर पुढे झाले. सांगायला हवं होतं, मोठमोठी वाक्यं ओठांवर आलीही होती. पण मुलीनं त्यांच्याकडे बघितलं नाही. तिचा चेहरा उजळला होता. तिच्या आईनं तो शब्द पहिल्यांदाच वापरला होता.

"माहीत नाही," ती म्हणाली. "चल, बघू."

दवाखाना गल्लीच्या टोकाला होता. मास्तरही मागोमाग गेले, पण दारातच थांबले. डॉक्टरीणबाई आईला रागावणारच होत्या, तेवढ्यात मुलीनं विचारलं, "आईच्या छातीचे फोटो आहेत ना? पहिला आणि नंतरचा. दोन्ही दाखवता?"

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेच्या दोन काळ्या फिल्म काढून खिडकीच्या काचेला लावल्या. पहिलीत फुप्फुसात वरच्या बाजूला पांढुरका ढग होता, मुठीएवढा. दुसरी, गोळ्या सुरू असतानाची. ढग होता, पण विरलेला, अंगठ्याएवढा.

"हे मीच?" आईनं विचारलं.

"तुम्हीच. खंड फार पडलेला नाही. पण उरलेला ढग गोळ्यांशिवाय जाणार नाही. आणि मळमळीचं मला आधी सांगायचं होतं. त्याला वेगळं औषध आहे."

आई उठून खिडकीपाशी गेली. आधी एका फिल्मला नाक लावून बघितलं, मग दुसरीला. पुन्हा पहिलीला.

तिचं बघून होईपर्यंत मुलगी थांबली नाही. तिनं हसऱ्या डब्याचं झाकण काढलं, शाईचं पाणी ओतून डबा कोपऱ्यातल्या नळावर खळखळून धुतला, त्यात गोळीसाठी काठोकाठ पाणी घेतलं आणि एक थेंबही सांडू न देता आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.